हरेशचा सत्त्याहत्तर नंबर

वायफाय बंद पडलं की माणसं खोटं बोलतात. पंधरा वर्षं घरोघरी फिरून हरेश इसामे एवढं पक्कं शिकला होता. "मी कशाला हात नाय लावला दादा, आपोआपच गेलं," असं जो छातीठोक सांगतो त्यानंच काहीतरी दाबलेलं असतं. कुणी लॅपटॉप विमानाच्या चित्रावर नेऊन ठेवलेला असतो, कुणी राउटरला धूळ लागते म्हणून तो स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलेलं असतं आणि वर विचारतो, रेंज का येत नाय. हरेश भांडायचा नाही. शांतपणे विचारायचा, "शेवटचं कधी चालत होतं? त्याच्यानंतर काय काय झालं?" आणि माणूस बोलायला लागला की कुठे अडखळतो तिकडे कान लावून बसायचा. बिघाड तिथेच सापडायचा.

मुरबाडला कोर्टाच्या रस्त्यावर त्याचं 'धाऊकृपा नेट अँड लॅपटॉप' हे दुकान. धाऊ म्हणजे त्याचे वडील. चार वर्षांपूर्वी गेले. गाव धसईच्या पुढे, भाताची शेती. बाप भलता तापट, त्याच्यापुढे घरात कुणाचा आवाज चढायचा नाही. हरेश बारावीला गणितात सत्त्याहत्तर मार्क पाडून आला, तेव्हा त्या बापानं आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं त्याच्या पाठीवर हात ठेवला. पुढे आयटीआय झालं, कल्याणला केबलवाल्याकडे नोकरी झाली, मग मुरबाडला स्वतःचं दुकान. आता सरळगाव, किन्हवली, शहापूरपर्यंत त्याची मोटारसायकल फिरते. कुणाच्या घरी कुठल्या खोलीत नेट पोचत नाही, हे त्या घरच्या सुनेपेक्षा हरेशला जास्त ठाऊक.

लोकांचा त्याच्यावर जीव होता तो आणखी एका कारणानं. लॅपटॉप हातात आला तरी हा माणूस आतल्या फायली बघायचा नाही. फोटो नाही, पत्र नाही, काही नाही. स्क्रीनवर काही उघडं असलं तर आधी म्हणायचा, "तेवढं बंद करा, मग मी बसतो." तालुक्यातले शिक्षक, डॉक्टर, सरपंच आपले लॅपटॉप त्याच्या पुढ्यात टाकून खुशाल चहाला जायचे. याचा हरेशला अभिमान होता, आणि तो काही लपवायचाही नाही.

त्याची काम करायची एक रीतही होती. वायफायचा पासवर्ड टाकला की आपल्याला वाटतं झालं, जोडलं गेलं. पण तेवढ्यानं भागत नाही. राउटर प्रत्येक मोबाईलला, लॅपटॉपला एकेक नंबर देतो, तो आपोआप मिळतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. त्या नंबराशिवाय नेट येत नाही. हरेश हे आपोआप देणंच बंद करून टाकायचा. कारण गावात एका घरी वायफाय आलं की आठ दिवसांत अख्खी आळी पासवर्ड पाठ करून त्या घराच्या ओट्यावर येऊन बसते, नेट गोगलगायीसारखं चालायला लागतं आणि शिव्या मात्र हरेशला पडतात. म्हणून त्याच्या घरांत नंबर हातानं टाकायचा आणि तो त्याच्याकडूनच मागून घ्यायचा. "पासवर्ड म्हणजे दार, नंबर म्हणजे कडी," तो सांगायचा.

त्याच्या सगळ्या घरांच्या नंबरांत मध्ये सत्त्याहत्तर असायचे. कारण उघड आहे. तेवढे मार्क त्याला पुन्हा कशातच पडले नव्हते. त्याच्यापुढचा शेवटचा आकडा माणसामाणसाचा. अकरा ते वीस घरच्यांचे, एकवीसपासून पुढे पाव्हण्यांचे. कुणाला काय दिलं ते एका वहीत लिहिलेलं, वही मुरबाडच्या घरी. हरेश गाडीवर असला की त्याची बायको नम्रता वही उघडून फोनवर गिऱ्हाइकाला नंबर सांगायची, कुठे काय दाबायचं तेही सांगायची. दहावी झालेली बाई, पण हात असा बसलेला की हरेश चारचौघांत म्हणायचा, "आमच्याकडं दोन इंजिनिअर हायेत."

आता त्या आठवड्याची गोष्ट. शुक्रवारी हरेशला मुरबाडच्या रजिस्टर ऑफिसात जायचं होतं, हक्कसोडपत्र करायला. बाप गेल्यावर सातबाऱ्यावर तीन नावं चढली होती. हरेश, गावच्या घरी एकटी राहणारी त्याची आई गोजर, आणि कसाऱ्याला दिलेली बहीण शीतल. आता आई आणि बहीण आपापला हक्क सोडणार, जमीन एकट्या हरेशच्या नावावर येणार. आपल्याकडे हे असंच चालतं. बहीण सही करते, भाऊ तिला साडी नेसवतो, सगळे जेवतात आणि कुणी कुणाला काही विचारत नाही. हरेशच्या मनात खोट नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. जमीन विकायची नव्हती, बहिणीला तोडायचं नव्हतं. त्याला फक्त उतारा साफ हवा होता. गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपमधली जुनी नेटवर्कं पुसताना म्हणतो तसंच तो म्हणायचा, "नावं कमी असली की कटकट नाय." आईला विचारलं होतं का? विचारलं होतं की. "शुक्रवारी यायचं हाय, अकरा वाजता न्यायला येतो," असं विचारलं होतं.

बुधवारी दुपारी एकच्या सुमाराला झेरॉक्सवाल्याचा फोन आला. "हरेश, माझ्या वरती त्या नवीन वकीलबाई हायेत ना, भूमिका मॅडम, त्यांचं नेट नाय चालत. लय अर्जंट हाय."

दुकानापासून चालत पाच मिनिटांची वाट. कोर्टासमोर झेरॉक्सच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर एका खोलीचं ऑफिस. वकीलबाई तिशीच्या, कल्याणकडून दोन वर्षांपूर्वी आलेल्या. चेहऱ्यावरून दिसत होतं की सकाळपासून त्यांचा सगळा राग त्या लॅपटॉपवर काढून झालाय.

"सिग्नल फुल्ल आहे," त्या म्हणाल्या, "पण नो इंटरनेट म्हणतं. चार वेळा बंद-चालू केला. राउटरची पिन काढून लावली. माझ्या मोबाईलचं हॉटस्पॉट जोडून बघितलं, तरी तेच."

"आणि मोबाईल या वायफायवर चालतो?"

"मस्त चालतो."

म्हणजे राउटर धडधाकट, लाइन धडधाकट. खोट लॅपटॉपातच. हरेश खुर्ची ओढून बसला. "शेवटचं कधी चालत होतं?"

"शुक्रवारी. एका पक्षकाराच्या घरी गेले होते गावात. तिथं मोबाईलला रेंज नव्हती, म्हणून त्यांचं वायफाय घेतलं. नंतर सोमवार-मंगळवार मी ठाण्याला होते, लॅपटॉप आज उघडला." त्यांनी घड्याळ बघितलं. "दादा, मला चारच्या आत एका दस्ताची माहिती ऑनलाइन भरायची आहे. उद्या अकराची वेळ मिळाली आहे. आज भरलं नाही तर उद्याची वेळ गेली, आणि परवा करून काही उपयोग नाही. परवा त्या बाईंच्या हातात काही राहणारच नाही."

"मग खाली झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर भरा की."

"पक्षकाराचे कागद मी दुसऱ्याच्या मशीनवर टाकत नाही."

हे हरेशला फार आवडलं. आपल्याच जातकुळीचं माणूस भेटलं असं वाटलं. तेवढ्यात बाईंना कोर्टातून बोलावणं आलं. "दहा मिनिटांत येते, तुम्ही बघा," म्हणत त्या काळा कोट चढवत जिना उतरल्या.

हरेशनं लॅपटॉप पुढे ओढला. कीबोर्डखालच्या मोकळ्या जागेवर एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. न वाचता जाणार कुठे, डोळ्यांखालीच होती. 'मुलाला कळू द्यायचं नाही. फोन फक्त सुनेच्या नंबरवर.' हरेशनं च्यक् केलं. काय एकेक पोरगे असतात, त्याच्या मनात आलं. म्हातारीला वकील गाठायला लागतो, तोही चोरून! असल्या पोराला उलटा टांगला पाहिजे. चिठ्ठीवर त्यानं आपला रुमाल टाकला, उगाच पुन्हापुन्हा दिसायला नको, आणि कामाला लागला.

वायफाय बंद करून चालू केलं. विमानाचं चित्र बघितलं, बंदच होतं. नेटवर्क विसरायला लावून नव्यानं जोडलं, पासवर्ड भिंतीवरच लिहिलेला होता. सिग्नल फुल्ल आणि नेट नाही. मग त्यानं लॅपटॉपचा नंबर बघायला आतली पाटी उघडली. तिथे 'ऑटोमॅटिक'च्या जागी नंबर हातानं टाकलेला होता. बरोबर, हाच बिघाड. कुणीतरी एका घरचा नंबर लॅपटॉपला कायमचा चिकटवून ठेवला होता, आणि आता तो जाईल तिथे तोच नंबर सांगत होता. इथला राउटर तो नंबर ओळखत नव्हता. ऑटोमॅटिकवर टिचकी मारायची, सेव्ह करायचं, खेळ खलास. अर्ध्या मिनिटाचं काम.

हरेशचं बोट तसंच वर राहिलं. नंबरात मध्ये सत्त्याहत्तर होते आणि शेवटी एकवीस.

पहिल्यांदा तो हसलाच. म्हणजे बाई आपल्याच कुठल्यातरी घरी जाऊन आल्या! तालुक्यात त्याची ऐंशीएक घरं होती. कुणाचं असेल बरं? पाव्हण्याचा नंबर दिलाय, म्हणजे वहीत बघून रीतसर दिलाय. केवळ गंमत म्हणून त्यानं जुन्या जोडलेल्या नेटवर्कांची यादी उघडली. वरती इथल्या ऑफिसचं नाव होतं, खाली बाईंच्या मोबाईलचं, त्याच्या खाली कल्याणच्या कुठल्याशा हॉटेलचं. आणि चौथं नाव होतं, धाऊ.

हरेशनं ते पुन्हा वाचलं. वडील गेल्यावर आईसाठी गावच्या घरात त्यानं वायफाय बसवलं, ओटीवर कॅमेरा लावला, आणि नेटवर्कला बापाचं नाव दिलं होतं. धाऊ नावाचं वायफाय साऱ्या ठाणे जिल्ह्यात एकच होतं. ते त्यानं स्वतःच्या हातानं टाइप केलं होतं.

शुक्रवार. शुक्रवारी अकरा ते एक कॅमेरा काळा पडला होता. त्यानं फोन केला तेव्हा आई म्हणाली होती, "लाईट गेली हाय रे." आणि त्यानं ते मानलं होतं. लाईट गेली होती तर मग हा लॅपटॉप वायफायला कसा जोडला गेला? आणि त्याच शुक्रवारी नम्रता सकाळीच सरळगावला माहेरी जाते म्हणून निघून गेली होती. मग आईच्या घरात बसून या लॅपटॉपात एकवीस नंबर कुणी टाकला? आईला तर इंग्रजी आकडेसुद्धा वाचता येत नाहीत.

त्यानं लॅपटॉप मागे ढकलला. रुमाल खाली पडला आणि ती चिठ्ठी पुन्हा डोळ्यांपुढे आली. मुलाला कळू द्यायचं नाही. हरेश तिच्याकडे बघतच राहिला. ज्या पोराला त्यानं मघाशी उलटा टांगला होता, तो पोरगा तोच होता.

पंधरा वर्षांत जे केलं नव्हतं ते त्यानं केलं. स्क्रीनवर खाली मिटवून ठेवलेली फाईल उघडली. 'बक्षीसपत्र' असं मथळ्यात मोठ्या अक्षरांत होतं. 'लिहून देणार: श्रीमती गोजर धाऊ इसामे, वय ७१, धंदा शेती.' 'लिहून घेणार: सौ. शीतल,' पुढे कसाऱ्याचा पत्ता. खाली त्यांच्याच जमिनीचा गट नंबर. आई आपला तिसरा हिस्सा शीतलला बक्षीस देत होती. उद्या, गुरुवारी, अकरा वाजता. त्याच्या शुक्रवारच्या एक दिवस आधी.

त्यानं फाईल बंद केली. आई? आपली आई, जिनं उभ्या जन्मात बापाला न विचारता बांगडी भरली नाही, ती वकील करते? कॅमेऱ्याची पिन काढते? आणि आपल्याच बायकोला हाताशी धरून? त्याला एकदम बाहेर हवेत जावंसं वाटलं. तो जिन्यात आला आणि त्यानं नम्रताला फोन लावला.

"सत्त्याहत्तर-एकवीस कुनाला दिलास?"

पलीकडे भांडी घासायचा आवाज होता, तो थांबला. हरेशनं कान लावला. आता अडखळेल, आता काहीतरी बनवून सांगेल. पण नम्रता अडखळली नाही. "मीच टाकला," ती म्हणाली. "वकीलबाईंच्या लॅपटॉपला. तुमाला कळलंच का?"

"तू माझ्या घरात राहून..." तो म्हणाला. "आईला तू फूस दिलीस?"

"आईंनीच मला हाक मारली. म्हनल्या, नम्रता, मला शुक्रवारी अंगठा नाय करायचा, पन हरेशला नाय म्हनायची माझी छाती नाय. त्याच्या आधी काय करता येईल ते बघ." नम्रताचा आवाज मऊ होता, पण मागे हटत नव्हता. "सासूनं पयल्यांदा काय मागितलं. मी नाय कसं म्हनू?"

"मला सांगायचं नाय?"

"तुमाला सांगून काय झालं असतं? माझ्या टायमाला काय झालं? माझे बाबा गेल्यावर भावानं कागद पुढं केला, मी तुमाला म्हनलं, मला सही नाय करावीशी वाटत. तुमी काय बोललात? भाऊ तुटंल, कशाला नाटकं करतेस. तुमीच गाडीवर बसवून घेऊन गेलात मला. साडीचा रंगसुद्धा मला कुनी विचारला नाय."

हरेशला ते आठवत होतं. आठवत होतं म्हणजे, सरळगावच्या त्या दिवशी मटण फार झकास झालं होतं, एवढंच आठवत होतं. नम्रता जेवली की नाही हेसुद्धा त्याच्या ध्यानात नव्हतं. तो जिन्याच्या पायरीवर बसला.

"आईंना काय बोलू नका," नम्रता म्हणाली. "काय बोलायचं ते घरी येऊन मला बोला."

पण राग अजून होता, आणि राग आला की इसाम्यांचा हात कुणाच्या सांगण्यानं थांबत नाही. त्यानं आईला फोन लावला. आता तिच्या तोंडून वदवून घेतो, मग बघतो, असं मनाशी म्हणत त्यानं दात आवळले.

"आई, शुक्रवारी लाईट किती वाजता गेलेली?"

"कवा?" आई म्हणाली. मग पटकन, "हा, ती व्हय. अकराला गेली रे. एक वाजता आली. लय गरम झालेलं." जराही अडखळली नाही. हरेशचा कान, तालुक्यात गाजलेला कान, त्या आवाजात काही शोधत होता आणि त्याला काही सापडत नव्हतं. ती इतकं सराईत खोटं बोलत होती की जणू रोजचीच सवय असावी. मग तिनं अगदी हळू विचारलं, "का रे बाबा? काय चुकलं का माझं? रागावलास का?"

हा आवाज त्यानं ऐकलेला होता. लहानपणी, रोज. बाप शेतावरून यायचा आणि पायरीवर चप्पल जोरात आपटायचा, तेव्हा चुलीपाशी बसलेली आई याच आवाजात विचारायची, काय चुकलं का माझं. तेव्हा हरेश तिच्या मागे उभा राहायचा आणि मनात म्हणायचा, मी मोठा झालो की आईला असं बोलायला लावणार नाही.

"नाय गो," तो कसाबसा म्हणाला. "कॅमेऱ्याचं काम होतं, म्हनून विचारलं."

"बरं बरं," आई म्हणाली. तिच्या आवाजातून भीती उतरताना त्याला स्पष्ट ऐकू आली. "आनि शुक्रवारी मी तयार राहते हां. तू सांगशील तिथं अंगठा करते."

फोन ठेवला तरी तो पायरीवरून उठला नाही. आई त्याला घाबरत होती. त्यानं तिच्यावर कधी हात उचलला नव्हता, आवाजसुद्धा फारसा चढवला नव्हता. तिला गोळ्या आणून दिल्या, वायफाय दिलं, कॅमेऱ्यातून दिवसातून चार वेळा ती उठली का, जेवली का ते बघितलं. आणि ती बाई त्या कॅमेऱ्याची पिन काढून, सुनेला जवळ बसवून, चोरासारखी स्वतःची जमीन स्वतःच्या लेकीला देत होती. हरेशला शरम वाटली. इतकी की जिन्यातून कुणी चढून आलं तर तोंड कुठे लपवू असं झालं.

तो वर गेला. घड्याळात अडीच वाजून गेले होते. लॅपटॉप तसाच उघडा होता, मध्ये सत्त्याहत्तर, शेवटी एकवीस. आणि आता खरं सांगायचं तर त्याच्या मनात वाईट येऊन गेलं. काहीच करायचं नाही. बाई आल्या की म्हणायचं, कार्ड गेलंय, कल्याणहून मागवायला लागेल, शनिवारपर्यंत होईल. ऐंशी घरं ज्याच्या शब्दावर चालतात त्याच्यावर वकीलबाईंनी का विश्वास ठेवू नये? उद्याची वेळ गेली असती. शुक्रवारी आईनं निमूट अंगठा केला असता. उतारा साफ. कुणाला कळलंही नसतं. हा विचार आपल्याच डोक्यात आला याचाच त्याला धक्का बसला. आईला 'तू सांगशील तिथं' म्हणायला लावणारा माणूस हाच होता, इथे खुर्चीत बसलेला. वकीलबाईंना चिठ्ठी लिहायला लावणारा माणूस दुसरा कुणी नव्हता.

त्यानं ऑटोमॅटिकवर टिचकी मारली आणि सेव्ह केलं. दोन सेकंद काहीच झालं नाही, मग नेट आलं, आणि पाच दिवसांच्या साचलेल्या मेल धडाधड उतरायला लागल्या.

जिन्यात चपला वाजल्या. "कोर्टात अडकले. झालं?" बाई दारातूनच म्हणाल्या, आणि स्क्रीन बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. "दादा, तुम्हाला कल्पना नाही तुम्ही आज कुणाचं काम केलंत. काय झालं होतं?"

"त्या पक्षकाराच्या घरी नंबर हातानं टाकला होता. तो काढला. परत तिकडं गेलात तर पुन्हा टाकायला लागेल."

"तुमचा नंबर सेव्ह करून ठेवते." त्यांनी मोबाईल काढला. "नाव काय तुमचं?"

हरेशला खोटं सांगता आलं असतं. "हरेश," तो म्हणाला. "हरेश धाऊ इसामे."

बाईंचा अंगठा मोबाईलवर थबकला. त्यांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग चिठ्ठीकडे, आणि मग झटक्यात लॅपटॉप मिटून छातीशी धरला. त्या एक पाऊल मागेसुद्धा सरकल्या. हरेशनं ते पाऊल बघितलं. एक परकी बाई, कायदा शिकलेली, नुसतं त्याचं नाव ऐकून मागे सरकली होती. आईनं त्याच्याबद्दल काय काय सांगितलं असेल?

"मी फाईल वाचली," तो म्हणाला. "वाचायला नको होती. पयल्यांदाच वाचली कुनाची."

"हे बघा, इसामे, हा त्यांचा स्वतःचा हिस्सा आहे. कायद्यानं त्यांना..."

"मला कायदा नका सांगू मॅडम. तुमी भरा तुमचं. तीन वाजत आले." त्यानं रुमाल उचलला, पिशवी खांद्याला लावली. दारात जाऊन तो थांबला. "फक्त आईला सांगू नका, मला कळलंय म्हनून. ती उद्या येईल ना, तिला बिनघोर अंगठा करू द्या. मला कळलंय असं समजलं तर तिचा हात थरथरेल."

बाईंनी मान हलवली. लॅपटॉप मात्र त्यांनी अजून छातीशीच धरला होता.

खाली येऊन हरेश मोटारसायकल शोधायला लागला, आणि आपण चालत आलो होतो हे त्याला चावी चाचपून झाल्यावर आठवलं. कोर्टाच्या कुंपणाशी सावलीला उभं राहून त्यानं पुन्हा आईला फोन लावला. तिनं पहिल्याच घंटेला उचलला.

"आई, शुक्रवारचं राहू दे."

"का रे? काय झालं?"

"काय नाय. मला काम हाय. आनि पुढंही नको. मला तो कागदच नाय करायचा."

पलीकडे काहीच आवाज आला नाही. इतका वेळ की फोन कट झाला असं वाटून हरेशनं मोबाईल कानापासून काढून बघितला. चालू होता. "आई, हायेस का?"

"हाय," आई म्हणाली. "मग शुक्रवारी तू येनार नायस?"

"कागदाचं नाय तर येऊन काय करू?"

हे बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच चपराक बसल्यासारखं झालं. चार वर्षांत तो गावी गेला होता तो वायर घेऊन, कॅमेरा घेऊन, बिलं घेऊन, कागद घेऊन. काम नसताना तो आईकडे एकदाही गेला नव्हता.

"काय करू म्हंजे?" आई म्हणाली. आवाज जरा थरथरत होता, पण या वेळी त्यात मघाची भीती नव्हती. बराच काळ मनात ठेवलेलं काहीतरी मागताना थरथरतो तसा होता. "नुसता ये की रे. तू नुसता कवा येतोस?"

हरेश 'येतो' म्हणाला. पण त्यानं फोन ठेवला नाही, आणि आईही ठेवेना.